आईचा टीएसएच ६.४: विसरणं थायरॉइडमुळेच असेल का? परळ-दादरकडे कुणाला दाखवू?

लालबागची लेक
आई ७६ वर्षांची. गॅसवर दूध ठेवून विसरते, तेच तेच विचारते, परवा भाजी घेऊन येताना आमच्याच गल्लीत वाट चुकली. टीएसएच (थायरॉइडचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी; थायरॉइड मंदावलं की वाढतो) ६.४ म्हणजे किंचित वाढलेला, फ्री टी४ (थायरॉइडचं हार्मोन) नॉर्मल. फॅमिली डॉक्टर थायरॉइडची गोळी सुरू करू म्हणतात. त्याने स्मरणशक्ती सुधारेल? मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे. खूप काळजी वाटते.

शिवडीकर
परळच्या केईएम रुग्णालयात एंडोक्रायनॉलॉजीचा (हार्मोनच्या आजारांचा) वेगळा विभाग आहे, तुम्हाला जवळचं. सकाळी लवकर जा, जुने सगळे रिपोर्ट न्या.

पार्लेकर
ताई, एवढ्या आकड्यावर गोळीची घाई नको असं मला मनापासून वाटतं. वयाबरोबर टीएसएच थोडा वर सरकतोच. दहाच्या वर गेला किंवा टी४ खाली आला तर गोष्ट वेगळी. २०१७ साली ट्रस्ट नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. पासष्टीपुढच्या, असाच किंचित वाढलेला टीएसएच असलेल्या ७३७ जणांपैकी काहींना लेव्होथायरॉक्सिन (हीच थायरॉइडची गोळी) दिलं, काहींना नुसती औषधाविना गोळी. थकव्यात फरक पडला नाही, आणि डोक्याच्या चपळाईची जी चाचणी घेतली त्यातही नाही.

उलट, म्हातारपणी जास्त झालेली गोळी त्रास देते. माझ्या वडिलांचं वजन उतरलं, डोस मात्र वर्षानुवर्षं तोच. गोळी जास्त झाल्याने टीएसएच ०.०५ इतका खाली गेला. रात्रभर जागे, छातीत धडधड, बोलता बोलता गोंधळायचे. डोस उतरवल्यावर हळूहळू माणूस जागेवर आला. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनीही पासष्टीपुढच्या लोकांत टीएसएच खूप खाली जाणं आणि स्मृतीच्या आजाराचं निदान यांचा संबंध दाखवला, गोळीमुळे खाली गेलेलाही त्यात आला. कारण तेच, असं त्यावरून ठरत नाही, पण सावध राहायला पुरेसं आहे. हाडं ठिसूळ होतात, हृदयाचे ठोके अनियमित पडतात, ते आणखी वेगळं.

ठाण्याची सून
मेटफॉर्मिन वाचून लगेच लिहितेय. व्हिटॅमिन बी१२ तपासलंत का? मेटफॉर्मिनने ते कमी होतं, आणि आई शाकाहारी असतील तर आणखीच. सासूबाईंचं असंच निघालं, इंजेक्शनं सुरू केल्यावर बराच फरक पडला. कानही तपासा. नीट ऐकू न आल्यानेही माणूस तेच तेच विचारतो. झोपेची गोळी घेत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा.

पार्लेकर
बी१२चं अगदी बरोबर. टीएसएच दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा, एकदा वाढलेला पुष्कळदा आपोआप खाली येतो. केसांसाठी बायोटिन नावाचं व्हिटॅमिन घेत असतील तर डॉक्टरांना विचारून तपासणीच्या आधी दोन दिवस बंद ठेवा, आकडे चुकीचे येतात. पण वाट चुकणं मला थायरॉइडवर ढकलावंसं वाटत नाही. न्यूरॉलॉजिस्टकडे स्मृतीची चाचणी करून घ्या, टीएसएचसाठी थांबू नका.

लालबागची लेक
शाकाहारीच आहे, आणि बी१२ कधीच केलेलं नाही! उद्याच रक्त देते. न्यूरॉलॉजीलाही या आठवड्यात नेते, भाऊ सुट्टी काढतोय. रिपोर्ट आले की इथेच टाकते.