पुन्हा: ओंकारचं १७ ऑक्टोबरचं इन्फ्युजन

मंडळी,
माझ्या मुलाचं, ओंकारचं, सरेच्या (बीसी, म्हणजे ब्रिटिश कोलंबिया प्रांत) नोकरीचं पक्कं झालं, ५ सप्टेंबरचं तिकीट आहे. त्याला क्रोन्स (आतड्याचा दीर्घकाळचा दाह) आहे, त्यावर इन्फ्लिक्सिमॅब हे औषध शिरेतून चढवतात, तेच इन्फ्युजन. रविवारी हॉलवर काहींशी बोलले, पण घोळ सुटलेला नाही. २२ ऑगस्टचं इन्फ्युजन इथे होईल. पुढचं आठ आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला. बीसीचं एमएसपी (तिथला सरकारी आरोग्य विमा) सुरू होणार १ डिसेंबरला. तोवर ओहिप (ऑन्टारिओचा तसाच विमा) चालू राहतं हे कळलं, पण ओहिप डॉक्टरचं आणि हॉस्पिटलचं बघतं, औषधाचं नाही. औषध आजवर ओहिप प्लसवर (तरुणांना औषध देणारी ऑन्टारिओची योजना) मिळालं, कारण तो २२ वर्षांचा आहे आणि दुसरा विमा नाही. ते ऑन्टारिओच्या फार्मसीपुरतंच. नव्या नोकरीचा इन्शुरन्स तीन महिन्यांनी लागू होतो. मग १७ तारखेचं औषध द्यायचं कुणी? सरे, लँगली, बर्नाबीकडचं कुणी यातून गेलंय का?
स्मिता, ब्रॅम्प्टन

---

स्मितावहिनी,
सोपं आहे. १७ तारखेला त्याला विमानाने परत बोलवा, नेहमीच्या क्लिनिकमध्ये इन्फ्युजन घेऊ दे, दोन दिवस घरचं जेवेल आणि जाईल. तिकीट काही त्या औषधाइतकं महाग नाही. आम्ही कॅलगरीला आलो तेव्हा हिच्या संधिवाताच्या इंजेक्शनसाठी असंच केलं होतं.
रवी, कॅलगरी

---

रवीदादा, तुमचं निभावलं, पण यावर विसंबू नका. पत्ता बीसीचा झाल्यावर ओहिप प्लस औषध देईल का, हे त्यांच्याकडूनच आधी लेखी घ्यायला हवं. काउंटरवर 'नाही' म्हणाले तर पोराचं तिकीटही गेलं आणि डोसही.

स्मिता, माझा पहिला प्रश्न: तिकीट ५ सप्टेंबरचंच का? एमएसपीचा हिशोब म्हणजे आलेल्या महिन्याचे उरलेले दिवस अधिक दोन महिने. ५ सप्टेंबरला आला तर १ डिसेंबर. ३० ऑगस्टला येऊन राहायला लागला तर १ नोव्हेंबर. सहा दिवसांनी अख्खा महिना वाचतो. खोलीचा भाडेकरार ऑगस्टचा करून घे, पुरावा लागतो. मग अडचण उरते १७ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर, पंधरा दिवसांची.

हे पंधरा दिवस तसेच सोडायचे नाहीत. माझा डोस एकदा बारा आठवड्यांवर गेला होता, कागद या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरत राहिले म्हणून. मध्ये खंड पडला की शरीर इन्फ्लिक्सिमॅबविरुद्ध अँटिबॉडी तयार करू शकतं. पुढच्या इन्फ्युजनला दहा मिनिटांत छाती भरून आली, अंगावर गांधी उठल्या. सहा वर्षं चाललेलं औषध तिथे संपलं. म्हणून आत्ताच दोन फोन कर. एक, औषध कंपनीच्या पेशंट सपोर्ट प्रोग्रॅमला: मधला एक डोस तुम्ही द्याल का, असं सरळ विचार. प्रांत बदलणाऱ्यांना ते काही वेळा मदत करतात. दुसरा त्याच्या गॅस्ट्रोला (पोटविकारांचा डॉक्टर): इथल्या गॅस्ट्रोकडे रेफरल आजच पाठवा म्हणावं. इथे नवा फॅमिली डॉक्टर मिळेपर्यंत थांबलात तर बसाल वाट बघत. फार्माकेअरची (बीसीची औषध योजना) स्पेशल ऑथॉरिटी, म्हणजे अशा औषधाची खास मंजुरी, मागायला इथला स्पेशालिस्ट हाताशी हवा, नुसतं एमएसपी कार्ड पुरत नाही.
मंजूषा, सरे

---

सर्वांना नमस्कार,
ओंकारबद्दल काळजी आहेच, पण ही लिस्ट कार्यक्रमांसाठी आहे. हॉलचं बुकिंग आणि ढोलपथकाची वेळ यांचे मेल खाली गेले, तिघांनी फोन करून विचारलं. आरोग्याचे विषय सेवा समितीच्या लिस्टवर घ्यावेत, असं मार्चच्या बैठकीत ठरलं आहे.
सुहास, लिस्ट व्यवस्थापक

---

सुहास, ते ठरलं तेव्हा मी बैठकीत होते. ठरलं होतं जाहिरातींबद्दल. आणि हॉलचा विषय काढलाच आहेस तर, मागच्या गणपतीत मागचं स्वच्छतागृह कुलूप लावून ठेवलं होतं, 'मुलं घाण करतात' म्हणून. क्रोन्स असलेल्या माणसाला दोन मिनिटंही दम धरता येत नाही. ओंकार आरती सोडून गाडीत जाऊन बसला, नंतर आलाच नाही. या वर्षी किल्ली दाराशीच कुणाकडे तरी असू दे.
नीलिमा

---

नीलिमाताई, कुलूप हॉलवाल्यांचं होतं, समितीचं नव्हे. किल्ली मी स्वतः घेऊन ठेवतो.
सुहास

---

स्मिता,
माझ्या पुतण्याला कोल्हापुरात आधी आतड्याचा टीबी म्हणून सहा महिने गोळ्या दिल्या, नंतर क्रोन्स निघाला. दोन्ही दिसायला फार सारखे असतात. ओंकारचं नक्की कसं ठरलं? ताजं ताक आणि कुटजारिष्टाने पुतण्याला बरं वाटतं.
दत्ताकाका, मिसिसॉगा

---

काका, ताक सोसत असेल तर घेऊ दे, पण कुटजारिष्ट डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. टीबीवरून आठवलं. इन्फ्लिक्सिमॅबआधी टीबीची तपासणी होतेच. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची हातावरची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. क्वांटिफेरॉन रक्तचाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. माझी हातावरची पॉझिटिव्ह आली होती, क्वांटिफेरॉन निगेटिव्ह आल्यावर गोष्टी पुढे सरकल्या. स्मिता, तो रिपोर्ट, हेपाटायटिस बीचा, शेवटची कोलोनोस्कोपी आणि प्रत्येक इन्फ्युजनची तारीख व डोस, सगळं कागदावर दे. प्रांतांची कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत.
मंजूषा

---

ऑन्टारिओत बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीचं स्वस्त औषध) २०२३ मध्ये सक्तीचं केलं तेव्हा केवढी घबराट झाली होती! ओंकार कशावर आहे?
रवी

---

रवीदादा, तो बायोसिमिलरवरच आहे, रेन्फ्लेक्सिस. बीसीने ते २०१९ मध्येच केलं, त्यामुळे तिथे काही बदलायचं नाही.

मंजूषा, तिकीट २९ ऑगस्टचं करून घेतलं, सात दिवस कमी मिळणार म्हणून रडू आलं, पण घेतलं. भाडेकरार २९ पासून. प्रोग्रॅमवाल्या बाई म्हणाल्या, गॅस्ट्रोचं पत्र आलं की एका डोसचं बघू. पत्र आज फॅक्स झालं. रेफरलही गेलं. फार्माकेअरचं डिडक्टिबल (आधी आपण भरायची रक्कम) दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर धरतात, तेव्हा तो कॉलेजात होता, म्हणजे ओझं जड नाही.

आता एकच: २९ ला रात्री साडेअकराला व्हॅन्कुव्हरला उतरेल. कुणी घ्यायला जाऊ शकेल का? वाटेत स्वच्छतागृह लागेल, एवढं आधीच सांगून ठेवते.
स्मिता

---

मी जाते. त्याला माझा नंबर दे.
मंजूषा