सोमवारचं हुमण: तपास करणाऱ्या बाईला स्वयंपाकघरातच का पाठवलं?

सांजवात, डिचोली

आमच्या वाचनगटाने या महिन्यात एक मराठी क्राइम थ्रिलर घेतली होती. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शेवटाबद्दल बोलणं होणारच. कथा अशी: मे महिना, गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं एक गाव, मंगळवारी सकाळी कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, एका बाईचं प्रेत सापडतं. नवरा सांगतो, सोमवारी सकाळी रांधून ती बागेत गेली ती परत आलीच नाही. गाव म्हणतं, पाय घसरला, डोकं आपटलं. तपासाला दोघी: महिला पोलीस निरीक्षक आणि गोमेकॉतली (गोवा मेडिकल कॉलेजातली) शवविच्छेदन करणारी डॉक्टर.

मला ही कादंबरी फार आवडली, आणि ती एका प्रसंगासाठी. बाहेर पंचनामा चाललेला असताना निरीक्षक स्वयंपाकघरात जाते आणि चुलीजवळच्या मडक्यावरचं झाकण काढते. आत बांगड्यांचं हुमण, म्हणजे नारळाच्या रसातली माशांची आमटी. तिरफळं वर आलीत, नारळाचा रस फुटून पाणी वेगळं झालंय, आंबूस वास येतोय. या घरात सोमवारी मासळी शिजत नाही. म्हणजे हे रविवारचं रांधप, सोमवारी सकाळी चूल पेटलीच नव्हती, आणि नवरा खोटं बोलतोय. आपल्याकडे रहस्यकथेतला तपास म्हणजे पाठलाग नि पिस्तूल. इथे घर चालवणाऱ्या बाईला जे दिसतं त्याला पुराव्याची किंमत मिळाली.

रानवारा, वाळपई

सांजताई, माझा विरोध नेमका यालाच आहे. सोमवारी मासळी नाही हे इथल्या हिंदू घरातल्या कुठल्याही पुरुषाला ठाऊक असतं. हवालदारालाही. मग हा शोध बाईच्याच वाट्याला का? मोबाइलचं टॉवर लोकेशन, बँकेचे व्यवहार, गाडी कुठून कुठे गेली, हे सगळं पुस्तकात कोण शोधतं? एक पुरुष उपनिरीक्षक. म्हणजे आकडेमोड त्याची आणि मडकं हिचं. हा मान नव्हे, जुनीच वाटणी आहे.

दुसरं, तिचा घटस्फोट, आईशी अबोला, झोपेच्या गोळ्या. पुरुष अधिकारी नुसता ड्यूटीवर येतो. बाई अधिकारी असली की लेखक तिला आधी एक दुःख चिकटवतात. मी एक मुलगी म्हणून हे वाचून थकलेय.

जुनी वर्दी, मडगाव

मी पोलीस खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. रानवारा बाय, सोमवारचं आम्हाला ठाऊक होतं हे खरं. पण झाकण आम्ही काढलं नसतं. किती पंचनामे मी स्वतः लिहिले, त्यात ‘स्वयंपाकघर: आक्षेपार्ह काही नाही’ एवढंच, आणि तेही उंबऱ्यावर उभं राहून. दुसऱ्याच्या रांधपाच्या खोलीत शिरायला संकोच वाटायचा, आत बायका रडत असायच्या. हा प्रसंग वाचून मला माझी दोन-तीन जुनी प्रकरणं आठवली आणि रात्री झोप लागली नाही. १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्याने झडतीचं व्हिडिओ चित्रीकरण सक्तीचं झालंय. कॅमेरा आत जातो, पण काय बघायचं ते माणसालाच कळावं लागतं.

पांढरी साडी, म्हापसा

मी नर्स आहे. मला डॉक्टरचं पात्र पटलं नाही. ती प्रेताच्या ताठरपणावरून सांगते, ‘मृत्यू रविवारी रात्री साडेनऊला.’ असं कुणी मिनिटावर सांगत नाही. मेल्यावर तास-दोन तासांत ताठरपणा यायला लागतो, साधारण बारा तासांत सगळं अंग ताठ होतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात १८ ते ३६ तासांच्या आसपास तो उतरतो. त्यातही मे महिन्यातला उकाडा, कुळागरातली ओल, बाईची अंगकाठी, सगळ्याने फरक पडतो. खरी डॉक्टर ‘या वेळेपासून या वेळेपर्यंत’ असंच लिहील. बाईला हुशार दाखवायचं तर तिला चमत्कार करायला का लावता? ‘इतकंच सांगता येतं’ म्हणायलाही हुशारीच लागते.

सांजवात, डिचोली

हे मला माहीत नव्हतं, पण यातून माझंच म्हणणं पक्कं होतं. डॉक्टर नेमकी वेळ देऊच शकत नसेल, तर रविवार की सोमवार हे ठरवणार कोण? ते मडकंच.

काळा कोट, पणजी

वकील म्हणून लिहिते. खुनाचं कारण असं दिलंय की नवऱ्याला जमीन विकायची होती आणि बायको सही देत नव्हती. हा भाग अस्सल गोव्यातला आहे. आपल्याकडे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी, आणि स्थावर विकायला दोघांच्याही सह्या लागतात. पण पुढे विचार करा. बायको मेल्यावर तिचा अर्धा हिस्सा नवऱ्याला मिळत नाही, मुलांकडे जातो. वाटणीसाठी इन्व्हेंटरी, म्हणजे वारस आणि मालमत्ता नोंदवून वाटणी करण्याची कोर्टातली प्रक्रिया, करावी लागते. म्हणजे खून करून त्याची अडचण वाढलीच.

शेवट तर अगदीच कच्चा. निरीक्षक त्याला पोलीस स्थानकात बोलतं करते, तो रडत कबूल होतो, पुस्तक संपतं. पोलिसांपुढच्या कबुलीजबाबाला कोर्टात किंमत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग चालतो. दोनशे पानं मेहनत करणाऱ्या बाईची केस लेखकाने शेवटच्या पानावर पाडली.

एक मात्र बरोबर घेतलंय. सासूचा आणि मुलीचा जबाब निरीक्षक घरी जाऊन घेते. बाईला साक्षीदार म्हणून ती राहते त्या जागेखेरीज बोलावण्याची सक्ती पोलिसांना करता येत नाही, जुन्या कायद्यातही नव्हती. तेव्हा रानवारा, घरात जाणं हा तपासाचा कायदेशीर भाग आहे. त्यात कमीपणा नाही.

सांजवात, डिचोली

वकीलबाई, कबुलीचं मान्य. पण वारसाचं लेखकाने धरलंय असं मला वाटतं. मुलगी एकुलती एक आहे. ती गेली तर वारस बापच ना? म्हणून उत्तरार्धात तिच्या जिवावर बेततं.

काळा कोट, पणजी

हो, तिला मूलबाळ नसेल तर वारसा वर आईबापांकडे जातो. मग ते एका वाक्यात तरी सांगायला हवं होतं. गोव्याबाहेरच्या वाचकाला काय कळणार?

माडाची सावली, पेडणे

पेडण्यातला, फोंड्यातला माणूस पोलिसांशी पुस्तकी मराठीत कसा बोलेल? निवेदन मराठीत असू दे, आम्ही मराठी वाचूनच मोठे झालो. पण दारातल्या म्हातारीच्या तोंडी ‘कितें जालें गो बाय?’ एवढी तरी कोंकणी हवी.

दीपमाळ, फोंडा

मला एक गंभीर गोष्ट लिहायची आहे. २००९ मध्ये आमच्या तालुक्यात दुपट्ट्याने गळा आवळून केलेले खून उघडकीला आले. लग्नाचं आमिष, अंगावरचं सोनं, आणि मग मुलगी बेपत्ता. १९९४ पासूनची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली. त्या मुली गरीब घरच्या होत्या, आणि ‘पळून गेली असेल’ म्हटलं की विषय संपायचा. साध्या दिवशी मुलगी दागिने घालून का निघाली, हा प्रश्न तिच्या आईजवळ बसून कुणीतरी वेळेवर विचारायला हवा होता. म्हणून मला या कादंबरीतली निरीक्षक हवी आहे. ती सासूच्या शेजारी जमिनीवर बसते, घाई करत नाही. रानवारा, तुला त्यात जुनी वाटणी दिसते, मला राहून गेलेलं काम दिसतं.

रानवारा, वाळपई

दीपमाळताई, तुम्ही लिहिलंत त्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. पण मग हे काम पुरुषांनीही करायला हवं ना? वर्दीकाका उंबऱ्यावर थांबले, तो संकोच मोडायचा तर पुस्तकातल्या उपनिरीक्षकालाही आत पाठवा आणि टॉवर लोकेशन निरीक्षकाला काढू द्या.

आणखी एक. रात्रभर त्या मुलीच्या खोलीबाहेर बसलेली महिला कॉन्स्टेबल आठवते का? दोघी नायिकांचं कौतुक चाललंय, तिला नावसुद्धा नाही.

सांजवात, डिचोली

तू लिहिलंस म्हणून पुस्तक परत उघडलं. खरंच नाव नाही, सगळीकडे नुसतं ‘महिला कॉन्स्टेबल’. आणि मडक्याचा प्रसंग पुन्हा वाचला. झाकण निरीक्षक काढते, पण ‘मॅडम, काल सोमार न्हय?’ हे वाक्य दारात उभ्या असलेल्या त्या कॉन्स्टेबलचं आहे. दोनदा वाचूनही मी ते निरीक्षकाचंच धरलं होतं.