रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या स्पर्धेत उतरल्या तेव्हा काय झालं होतं?

रेवाचे_बाबा
मुलगी ११ वर्षांची, बुद्धिबळ खेळते. परवा खुल्या गटात नाव द्यायला गेलो, तर नोंदणीवरचे गृहस्थ म्हणाले, "मुलींचा वेगळा गट आहे की, तिथे घाला." घरी येईपर्यंत ती बोलली नाही. आई म्हणाली, तिला खाडिलकर भगिनींबद्दल सांग. मला तिघींच्या नावांपलीकडे काही माहीत नाही. कुणी सांगेल का?

मालतीताई
जरूर सांगा तिला. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ ची, ती वासंतीने जिंकली. पुढे जयश्री, मग रोहिणी. दहाएक वर्षं ते अजिंक्यपद त्या घराबाहेर गेलंच नाही.

रोहिणी सगळ्यांत धाकटी, जन्म १९६३ चा. १९७६ मध्ये ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तेरा वर्षांची पोर! केवढा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला, की बाई आहे म्हणून कुणाला अशा स्पर्धेतून वगळता येणार नाही.

मी तेव्हा शाळेत होते. आमच्याकडे पट मांडला की मी दादाच्या पाठीमागे उभी राहून बघायचे, खेळायची पाळी माझी कधी यायची नाही. रोहिणीची बातमी वाचल्यावर बाबांनी दादाला उठवलं आणि पांढऱ्या सोंगट्या माझ्यापुढे ठेवल्या. त्या डावात वजीर घालवला मी, पण त्यानंतर पाठीमागे उभी राहिले नाही.

१९८१ मध्ये हैदराबादला ती आशियाची पहिली महिला विजेती झाली. एकही डाव न हरता!

तिरका_उंट
ताई, युवेंबद्दल थोडी भर. ते स्वतः १९३५ चे जगज्जेते. पण त्याआधी हेस्टिंग्जच्या स्पर्धांत पहिली महिला जगज्जेती वेरा मेंचिक हिने त्यांना दोनदा हरवलं होतं. १९२९ मध्ये कार्ल्सबादला ती खेळायला आली, तेव्हा बेकर नावाच्या खेळाडूने थट्टा केली होती, की हिच्याशी हरेल त्याला 'मेंचिक क्लब'चं सभासद करू. पहिला सभासद तोच झाला! पुढे युवेही त्यात आले. रोहिणीच्या बाजूने निर्वाळा देणारा माणूस पटावर बाईकडून हरलेला होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

मालतीताई
इतकी वर्षं युवेंचं नाव घेतेय, पण हा दुवा कधी जोडला नव्हता.

रेवाचे_बाबा
आत्ता सगळं तिला वाचून दाखवलं. तिला रोहिणीताईंचे १९७६ चे डाव पटावर मांडून बघायचेत. कुणाकडे जुनी कात्रणं आहेत का? खुल्या गटातलं नाव मी आज सकाळी देऊन आलो.