मागचे डबल टायर काढू का? (कॅम्पर, कच्चा रस्ता)

भटका_सातारकर
जुनी मिनीबस घेऊन तिचा कॅम्पर, म्हणजे राहायची गाडी, केलाय, मागे डबल टायर. गेल्या वर्षी स्पितीहून कुंझुम ला ही खिंड उतरून येताना, बातल आणि ग्राम्फूच्या मधे, एका नाल्यात नारळाएवढा दगड डाव्या बाजूच्या दोन टायरांच्या फटीत जाऊन बसला. पहारीने हलेना. शेवटी बाहेरच्या टायरची हवा सोडून चाक उतरवलं, तेव्हा सुटला. तोवर आतल्या टायरची कड सोलून निघाली होती. डांबर सोडून जायचं असेल तर मागे एकेकच टायर हवा, हे माझं मत झालंय. बाहेरचे दोन काढून टाकतोय. कोणाची हरकत?

गॅरेज_कराड
माझी. बाहेरचा काढला की उरतो आतला, म्हणजे मागची चाकं पुढच्यापेक्षा आत जाणार. वर तुमचं कपाटाएवढं उंच घर, आडव्या उतारावर काय होईल ते बघा. काही जण डिस्क (टायर बसतो ते लोखंडी चाक) उलटी लावून चाक बाहेर घेतात, मग भार सगळा बाहेरच्या बेअरिंगवर. टायरच्या कडेला भाराचे दोन आकडे असतात, ते वाचलेत का?

भटका_सातारकर
११६/११४.

गॅरेज_कराड
११६ म्हणजे एकटा असताना १,२५० किलो, ११४ म्हणजे जोडीत १,१८०. आज मागे चौघांची मिळून ताकद ४,७२० आहे, दोन काढलेत की २,५००. मागच्या अ‍ॅक्सलचं वजन कधी केलंय? नसेल तर आधी काट्यावर जा, मग माझ्याशी भांडा.

मेलबर्नकर
भटकेराव, मत बरोबर, बेत चुकला. वाळूत पुढचं चाक चाकोरी पाडतं आणि एकेरी मागचं चाक त्याच चाकोरीतून येतं. जोडीतला निदान एक टायर मात्र कोरी वाळू फोडत बसतो, इंजिनाचा जीव जातो. हवा कमी करावी तर दोघांच्या बगला फुगून एकमेकींना घासतात. म्हणून इथे सिम्पसन वाळवंटात जाणारे लोक कँटर फोर बाय फोर ट्रकला सुपर सिंगल लावतात, म्हणजे जोडीऐवजी एकच दणकट टायर. २५५/१०० आर १६, एकेक टायर १,७०० किलोचा. पण चारही चाकांना तोच, डिस्क वेगळ्या ऑफसेटच्या (चाक किती आत-बाहेर बसतं त्या मापाच्या), स्टेपनीही तीच. टायर उंच, त्यामुळे स्पीडोमीटर कमी दाखवतो. वर इंजिनिअरचं सर्टिफिकेट. नुसतं काढून टाकणं हा सुपर सिंगल नव्हे.

सावंतवाडीची_ताई
आणि तो टायर फाटला तर तिकडे स्पितीत काझाच्या पंक्चरवाल्याकडे मिळणार का? डबलमध्ये सहाही जागी एकच डिस्क, एकच स्टेपनी. आमचा बाहेरचा टायर आंबोली घाटात फुटला, आतल्यावर रांगत दाणोलीला उतरलो. एकेरी असता तर वळणावरच मुक्काम. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या नोंदीबाहेरच्या बदलाला नाही म्हटलंय. अपघात झाला की विमावाले हेच काढतील.

मेलबर्नकर
ताई, रांगत उतरलात म्हणजे आतल्याने एकट्याने जोडीचा भार घेतला. तोही बदललात ना?

सावंतवाडीची_ताई
बदलला. पण घरी पोचून, आंघोळ-जेवण करून.

भटका_सातारकर
काट्यावर जाऊन आलो. टाकीत दीडशे लिटर पाणी भरून मागचा अ‍ॅक्सल २,८६०. म्हणजे कराडकर दादा, माझ्या बेतात ३६० किलो उघड्यावर पडत होते. त्यात पाण्याची टाकी मी हौसेने मागच्या चाकांच्याही मागे बसवलीय, ती आता पुढे सरकवतोय. डबल तूर्त राहू देत. दगडाचं काय करू तेवढं सांगा.

गॅरेज_कराड
नाला ओलांडला की थांबायचं, खाली उतरून फटीत बॅटरी मारायची, टॉमीने (चाक खोलायच्या लोखंडी दांड्याने) आतबाहेर दोन्ही टायर ठोकायचे. हवा उतरलेला टायर बद्द वाजतो. दगड ताजा अडकलेला असेल तर पहारीने निघतो, तसाच दहा किलोमीटर नेलात की चाक उतरवणं आलंच. आणि जोडीत एक नवा, एक झिजलेला असं घालू नका, उंच असेल तो एकटाच मरतो.

मेलबर्नकर
२,८६० माझ्या दोन सुपर सिंगलच्या ३,४०० मध्ये आरामात बसतात, एवढं नोंदवून ठेवतो.

सावंतवाडीची_ताई
काझात तो टायर मिळाला की फोटो टाका.