उत्तर: रांग थांबवण्याची जबाबदारी ड्रायव्हरचीच
नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरने फ्रेम (नेटवर्कवरून जाणारे डेटाचे पाकीट) ऑपरेटिंग सिस्टिमच्या वरच्या नेटवर्क थराकडे सोपवली की त्याचे काम संपले, असे विधान या चर्चेत आधी झाले; येणाऱ्या फ्रेमपुरते ते मला मान्य आहे. लिनक्समध्ये तो इथरनेटच्या १४ बाइटच्या हेडरवरून प्रोटोकॉल ओळखून नोंदवतो आणि बाजूला होतो. पाठवण्याच्या बाजूला मात्र देवाणघेवाण दुहेरी असते. ट्रान्समिट रिंगमधील (पाठवायच्या फ्रेमच्या गोलाकार यादीतील) मोकळे डिस्क्रिप्टर, म्हणजे एकेका फ्रेमची नोंद ठेवणाऱ्या जागा, संपत आले, की ड्रायव्हरने ‘नेटिफ स्टॉप क्यू’ या फंक्शनने रांग थांबवून वरच्या थराला थोपवायचे आणि कार्डाने फ्रेम पाठवून जागा मोकळी केली, की ‘नेटिफ वेक क्यू’ने पुन्हा उठवायचे असते.

खरी मेख या दोहोंच्या मध्ये आहे. रिंग भरलेली पाहून ड्रायव्हर रांग थांबवायला निघतो, नेमक्या त्याच क्षणी प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर चालणारा हँडलर (फ्रेम पाठवून झाल्यावर आवरासावर करणारा ड्रायव्हरचाच भाग) सगळे डिस्क्रिप्टर मोकळे करतो आणि रांग चालूच आहे असे पाहून परत जातो. त्यानंतर रांग थांबते आणि तिला उठवणारे कोणीच उरत नाही. एका छोट्या बोर्डासाठी ड्रायव्हर लिहिताना मी नेमका यातच अडकलो होतो. पिंग (जोडणी तपासणारे छोटे संदेश) दिवसभर सुरळीत चाले, पण मोठी फाइल पाठवताना मधेच सारे ठप्प होई आणि लॉगमध्ये ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ अशी वॉचडॉगची, म्हणजे रांग फार वेळ अडकली का यावर लक्ष ठेवणाऱ्या कर्नलमधील टायमरची, ओळ उमटे. वॉचडॉगमुळे कार्ड रीसेट होऊन काही सेकंदांत सावरत असल्याने मला केबलचाच संशय आला आणि दोन केबल मी उगाच बदलल्या. रांग थांबवल्यावर मेमरी बॅरियर (मेमरीतील वाचन-लेखनाचा क्रम बदलू न देणारी सूचना) टाकून मोकळी जागा पुन्हा एकदा तपासली, तेव्हा कुठे तो दोष गेला.