मदत हवी आहे: जुन्या वळणाचं छापील जर्मन वाचू शकणारं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी फ्रीडरिख आडोल्फ एबर्ट या जर्मन ग्रंथपालावर लेख लिहितेय. जन्म १७९१, लाइपझिगजवळच्या ताउखाचा. हयात बहुतेक ड्रेस्डेनच्या राजग्रंथालयात गेली. मधली दोनेक वर्षं तो वोल्फेनब्युटेल गावच्या ग्रंथालयात होता, जिथे पूर्वी प्रसिद्ध जर्मन नाटककार लेसिंग ग्रंथपाल होता. १८२१ ते १८३० या काळात त्याने दुर्मिळ ग्रंथांचा मोठा सूचिकोश काढला. आणि १८३४ मध्ये ग्रंथालयातच शिडीवरून पडून त्या दुखण्यात गेला. वय अवघं ४३! हे वाचल्यापासून माणूस डोक्यातून जात नाही.

मला खरा रस आहे तो ग्रंथपालाच्या शिक्षणावरच्या त्याच्या १८२० च्या पुस्तिकेत. ग्रंथपालाने नुसती पुस्तकं देऊ-घेऊ नयेत, भाषा, इतिहास, हस्तलिखितं यांचा पक्का अभ्यास करावा, असा त्याचा आग्रह. मला तो शंभर टक्के पटतो.

पुस्तिकेचं स्कॅन माझ्याकडे आहे, पण छपाई फ्राक्टुर म्हणजे जुन्या, टोकदार जर्मन वळणाची. त्यातला 'एस' आणि 'एफ' इतका सारखा दिसतो की शब्दकोशात नेमकं काय शोधायचं तेच कळत नाही. सुरुवातीची चार-पाच पानं कोणी वाचून साध्या रोमन अक्षरांत टाइप करून देईल का? भाषांतर मी करेन, जर्मन येतं मला. अंकात तुमचा नावानिशी उल्लेख नक्की करू. जर्मनीत राहणाऱ्यांपैकी कोणी ताउखा किंवा ड्रेस्डेनजवळ असाल, तर तेही कळवा.