ब्रेन ब्रेक म्हणे! आमच्या वेळी त्याला करंगळी म्हणायचे

डस्टरवाला
एका प्रशिक्षक महोदयांची पोस्ट परवा तिसऱ्यांदा माझ्या फोनवर येऊन आदळली, म्हणून लिहायला बसलो. पोस्टचं सार असं: प्राथमिकच्या मुलांना दर २० मिनिटांनी २ मिनिटांचा ‘ब्रेन ब्रेक’ द्या. उजवा हात डाव्या गुडघ्याला, डावा हात उजव्या गुडघ्याला लावला की मेंदूचे दोन्ही अर्धे ‘जोडले’ जातात. आणि जो शिक्षक हे करत नाही तो मुलांचं बालपण चोरतो. खाली दीडशे अंगठे.

मी २६ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. फुकट पगार खाणारा म्हणवून घ्यायची सवय झालीय, चोर म्हणवून घ्यायची अजून नाही.

पहिली गोष्ट, मेंदूचे दोन्ही अर्धे आईच्या पोटातूनच जोडलेले येतात. गुडघ्याला हात लावून जोडायला ते काय ट्रॅक्टर-ट्रॉली आहेत? ही ‘ब्रेन जिम’ नावाच्या कवायतीची शिळी कढी. अमेरिकेत निघाली आणि तिच्या मेंदूबद्दलच्या दाव्यांची शास्त्रज्ञांनी केव्हाच सालं काढली. आपल्याकडे मात्र अजून तिला उकळ्या फुटतायत.

दुसरी, हिशेबाची. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचं. रोज चार तास. दर २० मिनिटांना २ मिनिटं म्हणजे रोज २४ मिनिटं, वर्षाला ८० तास. वीस दिवसांची शाळा गुडघ्यात गेली! आणि तिसरीच्या शेवटी पोराला वाचता आलं नाही तर ‘निपुण’वाले (सरकारची लिहिण्या-वाचण्याची मोहीम) प्रशिक्षकाला नाही, मला विचारणार.

तिसरी, खरी टोचलेली. मुलं पेंगायला लागली की ते मास्तरला दिसतं. त्याला घड्याळ लागत नाही. मी वजाबाकी तिथंच सोडतो आणि म्हणतो, चिमणी भुर्र, कावळा भुर्र, म्हैस भुर्र! ज्यांचे हात म्हशीबरोबर वर जातात ते आधी ओशाळतात, मग वर्ग खदखदतो, मग पुन्हा वजाबाकी. या प्रकाराला इंग्रजी नाव नव्हतं, म्हणून त्याची कार्यशाळा झाली नाही, इतकंच.

निशिगंध
सर, तुम्हाला दिसतं. २६ वर्षांनी.

मला पहिल्या वर्षी काही दिसत नव्हतं. खाजगी शाळा, दुसरीचा वर्ग, ५८ मुलं, शेवटून दुसरा तास, हातच्याची बेरीज. पुढच्या बाकावरचा एक मुलगा शर्टाची कॉलर चावत बसायचा. मी रोज ओरडायचे. एके दिवशी कॉलरचं बटण तुटून त्याच्या तोंडात गेलं तेव्हा माझं धाबं दणाणलं. त्या दिवसापासून फोन व्हायब्रेटवर ठेवते, २० मिनिटांनी थरथरला की सगळे उभे. ‘शिवाजी म्हणतो हात वर’, ‘शिवाजी म्हणतो खाली बसा’, संपलं. कॉलर नंतरही चावायचा, पण शेवटच्या तासालाच.

आणि तुमचे ते ८० तास. ‘गप्प बसा’, ‘पुढे बघ’, ‘कोण बोलतंय ते’ यात किती तास जातात ते मोजलंत? मी एकदा मोजलं होतं. ३५ मिनिटांच्या तासिकेत नऊ मिनिटं माझा घसाच चालू होता.

कोकणकडा४२
आम्ही ७० मुलं एका वर्गात जमिनीवर मांडी घालून बसायचो. पावकी-निमकी तोंडपाठ. कुणी ब्रेक दिला नाही. आज कॅल्क्युलेटरशिवाय दुकान चालवतो. यांची मुलं मोबाईलवर दोन-दोन तास न हलता बसतात, तेव्हा मेंदू थकत नाही. शाळेत बरा थकतो!

निशिगंध
@कोकणकडा४२ काका, त्या ७० मधले किती सातवीपर्यंत पोचले तेही सांगा की.

कोकणकडा४२
जे पोचले नाहीत त्यांचीही दुकानं आहेत. माझ्यापेक्षा मोठी.

एस्पूची_आई
इथे फिनलंडमध्ये लेक दुसरीत आहे. तासात ४५ मिनिटं शिकवणं, उरलेली १५ मोकळी. उणे १० असलं तरी मुलं बाहेर. ना टाळ्या, ना गुडघे, कुणी खेळ ‘घेत’ नाही. पोरं नुसती बर्फात लोळतात. पहिल्या हिवाळ्यात मीच शिक्षिकेला विचारलं, आजारी पडणार नाही का? ती म्हणाली, ओले हातमोजे बदलायला दुसरा जोड दप्तरात ठेवा. झालं उत्तर! तेव्हा डस्टरवाला सर, २ मिनिटं जास्त नाहीत, कमी आहेत.

माळावरचा_मास्तर
आलं फिनलंड! इतका उशीर कसा झाला याचंच नवल वाटत होतं.

ताई, आमची द्विशिक्षकी शाळा. दोन खोल्या, चार वर्ग. एका खोलीत माझी तिसरी आणि चौथी पाठीला पाठ लावून. तिसरीला उड्या मारायला लावल्या की चौथीचा भागाकार बोंबलला. दुसऱ्या बाई महिन्यातले आठ दिवस मीटिंग नाहीतर प्रशिक्षणाला, तेव्हा चारही वर्ग माझ्याकडे. त्यात खिचडीची नोंद, आधारची दुरुस्ती, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं. आता हा ब्रेन ब्रेक आला तर त्याचाही फोटो मागणार. २०१६ ला पोरांबरोबर सेल्फी काढून हजेरी लावायचा फतवा निघालाच होता की नाही? आधी मास्तरला ब्रेक द्या.

आणि फिनलंड कशाला? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी कोसबाडच्या टेकडीवरून कुरणशाळा चालवली. पोरं गुरं घेऊन जिथं जायची तिथं शाळा जायची. घरात सोनं अन् दारोदार मागणं.

पुराव्यानिशी
जरा आकडे. २००६ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका शाळेत २४३ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज वर्गातच दहा मिनिटांचे हालचालीचे खेळ. खेळानंतर मुलांचं कामात लक्ष साधारण ८ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. तेव्हा ‘काही उपयोग नाही’ हे म्हणणं टिकत नाही.

डस्टरवाला
‘काही उपयोग नाही’ असं मी कुठं म्हटलं ते दाखवा. मी म्हैस उडवतो म्हटलं. आणि तुमच्या अभ्यासात दहा मिनिटं आहेत, दोन नाहीत. हालचाल आहे, मेंदूजोडणी नाही. म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूने साक्ष दिलीत. आभारी आहे.

पुराव्यानिशी
साक्ष मी कुणाच्याच बाजूने दिली नाही. पण घ्या, तुम्हाला सवय दिसतेय.

आजीची_पाटी
अहो, एवढं काय भांडताय? ब्रेक होता की आपल्याकडे. करंगळी! करंगळी वर केली, ‘बाई, एकीला जाऊ?’ म्हटलं, की निघालो. जाताना आवारातली चिंच, येताना हापशावर तोंड, वाटेत दुसरीच्या वर्गात डोकावून बहिणीला वेडावणं. सहा-सात मिनिटं सहज. लागलेली असायची असं थोडंच! मी ३१ वर्षं शिकवलं. खोटी करंगळी मला लांबून कळायची, तरी सोडायचे. परत आलेलं पोर ताजं असायचं.

लेकीची_आई
वाचून बरं वाटलं आजी. माझ्या लेकीच्या शाळेत करंगळीला परवानगीच नाही. ‘मधल्या सुट्टीत का नाही गेलीस?’ मधल्या सुट्टीत रांग इतकी की डबा खायचा की रांगेत उभं राहायचं ते ठरवा. तिनं तिचा तोडगा काढला: पाणीच पीत नाही. बाटली सकाळी भरून देते, तश्शीच भरलेली घरी येते. पहिलीच्या मार्चमध्ये ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, पाच दिवस इंजेक्शनं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, शाळेत जायला देतात का? आणि इथं गुडघ्याला कुठला हात लावायचा यावर शंभर ओळी चालल्यात.

कोकणकडा४२
फी भरताना शौचालय बघितलं नव्हतं का?

लेकीची_आई
बघितलं होतं. टाइल्स चकचकीत होत्या. वापरू देणार नाहीत असं पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

माळावरचा_मास्तर
ताई, राग समजतो, पण दुसरी बाजू पण ऐका. एकाला सोडलं की बारा करंगळ्या वर. शाळेला कुंपण नाही, मागं विहीर, पुढं उसाच्या ट्रॉल्यांचा रस्ता. पोर तिकडं गेलं आणि काही झालं तर निलंबन कुणाचं? तुमचं? परवानगी देत बसायला वर्गात दुसरं माणूस नाही. फीवाल्या शाळेत मावशी असते. इथं मावशी पण मीच.

लेकीची_आई
म्हणून पोरींनी दाबून बसायचं? विहिरीला जाळी टाकायला सहा वर्षांच्या मुलीनं मूत्राशय द्यायचं का? लाज वाटू द्या थोडी!

माळावरचा_मास्तर
लाज मला सांगू नका. सोमवारी शौचालयात पाणी मी ओततो. बादलीनं. हापशावरून. ग्रामपंचायतीला चार अर्ज दिलेत, पोच माझ्याकडे आहे.

एस्पूची_आई
दोघंही जरा दमानं घ्या. इथे मुलं विचारतही नाहीत, उठून जातात…

माळावरचा_मास्तर
जातील की. तिकडं विहीर नाही.

पुराव्यानिशी
केरळात २०१९ मध्ये शाळांत पाण्याची घंटा सुरू झाली होती. ठरावीक वेळी घंटा वाजली की सगळ्यांनी पाणी प्यायचं. इथेही लावता येईल. ब्रेकचा ब्रेक, पाण्याचं पाणी.

लेकीची_आई
पाणी पाजलंत, पुढे? पुढची घंटा कोण वाजवणार?

आजीची_पाटी
बरोबर बोललीस गं. मुलींसाठी वेगळं शौचालय हवं हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. आमच्या शेवटच्या शाळेत होतं. त्याला कुलूप होतं.

माळावरचा_मास्तर
(काल लिहिलेलं सकाळी वाचलं. जरा चढ्या आवाजात झालं.)

आजी, कुलूप आमच्याही आहे. रात्री बाहेरचे येतात, बाटल्या फोडतात. दोनदा भांडं फुटलं, म्हणून लावलं. दिवसा उघडतो. पण खरं सांगायचं तर मी मीटिंगला गेलो की किल्ली माझ्या खिशात तालुक्याला जाते. काल हे सगळं वाचल्यावर चौथीतल्या दोघींना विचारलं, मी नसतो तेव्हा काय करता? एक नुसतीच हसली. दुसरी म्हणाली, घरी जातो सर, मग परत येत नाही. आणि मी तिच्या नावापुढं ‘दुपारी गैरहजर’ लिहीत होतो.

आज दुसरी किल्ली करून स्वयंपाकाच्या मावशींकडे दिली. तीस रुपये. लेकीच्या आई, एवढ्यावर तुम्हाला बरोबर म्हणत नाही. विहिरीचं माझं म्हणणं कायम आहे.

लेकीची_आई
मीही म्हणत नाही. पण तीस रुपयांचे आभार. लाजेचा शब्द मागे घेते. अर्धा.

कोकणकडा४२
आमच्या वेळी शौचालयच नव्हतं. शेतात जायचो. (हे कुणाच्या बाजूनं आहे ते मलाही कळलं नाही. हलके घ्या.)

निशिगंध
डस्टरवाला सर गायब झाले! की गुडघ्याला हात लावून बघतायत?

डस्टरवाला
इथंच आहे. करंगळीनं धागा पळवला, मी काय बोलणार? पण निशिगंधबाई, तुमचे ते नऊ मिनिटांचे मोजमाप डोक्यात बसलं होतं, म्हणून शुक्रवारी मीही मोजलं. तिसरीत एका पोराला फळ्यावर खुणा करायला बसवलं; मी ‘गप्प’ म्हटलं की एक रेघ. तासाभरात १७ रेघा. त्यातल्या तीन खोट्या असाव्यात, कार्टं माझ्याकडे बघून हसत होतं.

तर दर थोड्या वेळानं उठवावं, मान्य. फोन थरथरवणार नाही, मला दिसतं म्हणजे दिसतं. १७ पैकी काही वेळा दिसलं नसेल. ‘ब्रेन ब्रेक’ म्हणणार नाही आणि गुडघे जोडणार नाही. फोटो तर मुळीच काढणार नाही.

माळावरचा_मास्तर
सर, तुमच्या केंद्राच्या ग्रुपवर नवा फतवा आला नाही वाटतं अजून? आमच्याकडे आत्ताच पडला. ‘आनंददायी मेंदू-विराम उपक्रम. सोबतच्या लिंकमध्ये प्रत्येक वर्गाचे दोन फोटो उद्या पाचपर्यंत. मुलांचे हात गुडघ्याला लागलेले स्पष्ट दिसावेत.’

डस्टरवाला
कोणता हात?

माळावरचा_मास्तर
ते लिहिलेलं नाही. विचारू का?